दार-खिडकीवरची भेग बुजवली तरी परत येते: यू-ब्लॉकचा लिंटेल कुठे चुकतो आणि कसा दुरुस्त करायचा

दाराच्या किंवा खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग निघते आणि ब्लॉकच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी वर चढते. पुट्टी भरून रंग मारला की काही महिने भिंत चांगली दिसते, मग भेग त्याच जागी उघडते. पुढच्या वेळी प्लास्टर फोडून जाळी ठोकली जाते. तेव्हा भेग जाळीच्या कडेने, वीतभर बाजूला निघते.

ही भेग प्लास्टरची नाही, त्यामुळे प्लास्टरवर केलेला कोणताही उपाय टिकत नाही. तिचं मूळ लिंटेलमध्ये (दार-खिडकीच्या वरची भिंत पेलणाऱ्या आडव्या तुळईत) असतं आणि बहुतेक वेळा ते लिंटेलच्या मधल्या भागात नसून दोन्ही टोकांना, म्हणजे लिंटेल भिंतीवर टेकतो तिथे असतं. तपासणारे लोक मात्र नेहमी मध्यभागाकडेच बघतात, कारण ‘वजन मधे येतं’ हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. यू-ब्लॉकमध्ये (वरून उघड्या, पन्हाळीसारख्या ब्लॉकमध्ये) सळया टाकून काँक्रीटने भरलेल्या लिंटेलला ओतीव लिंटेलपेक्षा काही वेगळ्या चुका लागतात. त्या बाहेरून दिसत नाहीत, कारण ब्लॉकची भिंत त्या झाकून टाकते.

आधी भेगेचा आकार बघा

छिन्नी हातात घेण्याआधी भेग कुठून सुरू होते, कोणत्या टोकाला रुंद आहे आणि किती लांब जाते हे नीट बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

एकाच कोपऱ्यातून तिरपी भेग असेल तर त्या बाजूचं बेअरिंग (लिंटेल भिंतीवर जितका टेकतो ती लांबी) कमी आहे किंवा बेअरिंगखालचा ब्लॉक दबला आहे. दोन्ही कोपऱ्यांतून सारख्याच भेगा निघून वर एकमेकींकडे झुकत असतील तर अख्खा लिंटेल खाली आला आहे. त्याच्या वरचा त्रिकोणी भाग त्याच्याबरोबर उतरतोय आणि बाकी भिंत जागेवर आहे.

लिंटेलच्या बरोबर मधे, खालच्या बाजूला रुंद आणि वर जाताना बारीक होणारी उभी भेग म्हणजे वाक. सळई कमी आहे, वर सरकली आहे किंवा टेकू लवकर निघाले आहेत.

लिंटेलच्या स्वतःच्या अंगात, टोकापासून वीतभर आत, खालून मध्याकडे तिरपी चढणारी भेग दिसली तर बाकी तपासणी थांबवा आणि आधी खाली टेकू लावा. ही कातर भेग आहे, म्हणजे भार लिंटेलला टोकाशी कापू बघतोय. वाकाची भेग हळूहळू वाढते आणि सूचना देते. कातर भेग तशी सूचना देईलच असं नाही.

लिंटेल आणि त्यावरचा पहिला थर यांच्यामध्ये लांबच लांब आडवी भेग असेल तर तिच्यात पत्र्याची पातळ पट्टी घालून बघा. पट्टी मध्यभागी आत जाते आणि टोकांना अडकते, म्हणजे लिंटेल झुकला आहे आणि वरची भिंत कमानीसारखी स्वतःला धरून उभी आहे. पट्टी कुठेच आत गेली नाही तर ती बहुधा फक्त प्लास्टरची भेग आहे.

तळाला लांबीच्या दिशेने भेग आणि तिच्या आजूबाजूला तांबूस डाग असतील तर सळई गंजली आहे. गंजलेलं लोखंड फुगतं आणि ब्लॉकचा तळ खपलीसारखा सोडवतं.

काही भेगा लिंटेलच्या नसतातच. वरच्या मजल्यावर छताच्या बरोबर खाली आडवी जाणारी भेग उन्हाने स्लॅब ताणला-आखडल्याची असते. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून खाली उतरणाऱ्या भेगा सिलखालच्या भिंतीच्या असतात. आणि अनेक दारांवर एकाच दिशेला झुकलेल्या भेगा असतील, चौकटीही गुण्यात (काटकोनात) राहिल्या नसतील, तर पाया बघायला हवा. अशा ठिकाणी लिंटेल फोडून काही मिळणार नाही.

भेग चालू आहे की थांबली आहे

प्लास्टरचा वीतभर रुंद पट्टा काढून ब्लॉक उघडा करा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना इपॉक्सीने चिकटवा. काच प्लास्टरवर चिकटवली तर ती प्लास्टरचीच हालचाल दाखवते, म्हणून ब्लॉकवरच चिकटवायची. काच तडकली तर भेग चालू आहे. एका ऋतूपुरतं बघून निष्कर्ष काढू नये. उन्हाळ्यात बंद दिसणारी भेग थंडीत उघडते. शक्यतो दिवसाच्या एकाच वेळी मोजा.

झुकाव मोजायला लिंटेलच्या तळाला दोन्ही टोकांशी २० मिमी जाडीचे सारखे ठोकळे धरून त्यांवरून दोरी ताठ ओढा आणि मधे दोरीपासून तळापर्यंतचं अंतर मोजा. २० ऐवजी १७ आलं तर लिंटेल ३ मिमी झुकला आहे. ब्लॉकची भिंत ठिसूळ असते, म्हणून तिच्याखालच्या लिंटेलचा झुकाव गाळ्याच्या (दार-खिडकीच्या मोकळ्या रुंदीच्या) ६०० व्या भागापेक्षा जास्त नसावा. १.२ मीटरच्या खिडकीला हे २ मिमी होतात, १.८ मीटरला ३ मिमी. ओतीव बीमला चालणारा झुकाव ब्लॉकच्या भिंतीला चालत नाही. लिंटेल स्वतः शाबूत राहतो आणि भिंत मात्र फाटते.

मग हातोडीच्या मुठीने तळ आणि बाजू ठोकत जा. भरीव जागी आवाज घट्ट येतो, पोकळ जागी बद्द येतो. पोकळ आवाजाच्या जागा खडूने खुणा करून ठेवा. सळई कुठे आणि किती खोल आहे हे कव्हर मीटरने कळतं. तो नसेल तर लिंटेलच्या बाजूला, तळापासून साधारण ६० मिमी वर, मुठीएवढी जागा हलक्या हाताने फोडून बघा. तळातून फोडू नका.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी तपासणी टोकाची आहे. लिंटेल संपतो त्या बाजूला ४०० मिमी लांबीचं प्लास्टर काढा. यू-ब्लॉक नेमका कुठे संपतो आणि त्याच्याखाली काय आहे ते दिसेल. निम्म्या तक्रारींचं उत्तर मिळायला पुढे जावंच लागणार नाही.

बेअरिंग: किती आणि कशावर

दोन्ही बाजूंना किमान २०० मिमी, म्हणजे ४०० मिमी लांबीच्या ब्लॉकचा अर्धा भाग. गाळा १.८ मीटरपेक्षा मोठा असेल किंवा वर स्लॅब टेकत असेल तर ३०० मिमी धरणं बरं. एएसी ब्लॉक (हवेचे बुडबुडे असलेला हलका काँक्रीटचा ब्लॉक) मऊ असतो, तिथे लहान गाळ्यालाही २०० च्या खाली जाऊच नका.

पण नुसती लांबी पुरी असून भागत नाही. लिंटेल कशावर टेकलाय, हे जास्त महत्त्वाचं. १.८ मीटरच्या गाळ्यावर स्लॅबसकट मीटरला दीड टन वजन येत असेल तर प्रत्येक टोकाला साधारण दीड टन उतरतं. २०० मिमी बेअरिंग आणि १९० मिमी जाडीची भरीव भिंत असेल तर हा भार ३८,००० चौरस मिमीवर पसरतो. तोच ब्लॉक पोकळ असेल तर वजन फक्त दोन बाजूंच्या ३० मिमी जाड पाळ्यांवर (ब्लॉकच्या बाहेरच्या पातळ भिंतींवर) येतं, म्हणजे १२,००० चौरस मिमीवर. दाब तिपटीहून जास्त झाला. ब्लॉक लगेच फुटत नाही. आधी पाळ्यांखालचा मसाला दबतो, टोक एक-दोन मिमी उतरतं, आणि कोपऱ्यातून ती पायऱ्यांची भेग निघते.

म्हणून बेअरिंगखालचे ब्लॉक भरून घ्यायचे असतात. शक्य असेल तर दाराच्या कडेचं पहिलं पोकळ घर खालपासून लिंटेलपर्यंत सलग भरावं, आणि ते जमत नसेल तर निदान वरचे तीन थर. खालच्या घरात ग्राउट (बारीक खडीचं पातळ काँक्रीट) वाहून जाऊ नये म्हणून तिसऱ्या थराखाली बारीक जाळीचा तुकडा ठेवतात. तिथे कागद किंवा गोणीचा बोळा कोंबू नका, तो घरातली जागा खातो आणि भरावाला खाली पक्का आधार मिळत नाही. लिंटेलखालचा मसाला पूर्ण रुंदीचा हवा, नुसता दोन पाळ्यांवर ओढलेला नको.

आणखी एक नेहमीची चूक: ब्लॉकचं माप जुळलं नाही की लिंटेलच्या टोकाखाली १०० मिमीचा तुकडा किंवा विटेचा कपचा बसवतात. तुकड्याच्या शेजारचा उभा सांधा बरोबर बेअरिंगच्या मधे येतो आणि भेगेला तयार वाट मिळते. तुकडा बसवायचाच असेल तर तो दारापासून लांब, भिंतीच्या मधल्या भागात बसवा. दाराच्या कडेला पूर्ण किंवा कारखान्यातला अर्धा ब्लॉकच हवा.

भिंतीच्या लांबीकडेही लक्ष द्या. लिंटेलवर सगळ्या भिंतीचं वजन येत नाही. वरची भिंत कमानीसारखी वागते आणि फक्त एक त्रिकोण लिंटेलवर बसतो. त्या त्रिकोणाची उंची, कोन ४५ अंश धरला तर गाळ्याच्या निम्मी आणि ६० अंश धरला तर ०.८७ पट येते. पण कमानीला दोन्ही बाजूंनी रेटा धरणारी भिंत लागते. खिडकी इमारतीच्या कोपऱ्याजवळ असेल आणि तिच्या बाजूला गाळ्याच्या निम्म्याहूनही कमी भिंत उरली असेल, तर त्रिकोणाचा हिशोब विसरा आणि वरच्या भिंतीचं सगळं वजन लिंटेलवर धरा. दोन खिडक्यांच्या मधे अरुंद पट्टा असेल तर दोन वेगळे लिंटेल त्या पट्ट्यावर टेकवण्यापेक्षा एकच सलग लिंटेल घ्यावा. मधल्या आधारावर तो वरच्या बाजूने ताणला जातो, म्हणून तिथे वरच्या सळया लागतात. भूकंपप्रवण भागात तर सगळ्या भिंतींवरून फिरणारा सलग पट्टाच घालतात, आणि त्यात टोकांचा प्रश्न आपोआप सुटतो.

सळई जागेवर आहे का

१९० मिमी उंचीच्या यू-ब्लॉकचा तळ साधारण ३५ मिमी जाड असतो. सळई थेट त्या तळावर ठेवली तर तिच्याखाली ग्राउट जातच नाही. मग ती फक्त वरून आणि बाजूंनी पकडलेली असते, आणि ओल ब्लॉकमधून थेट लोखंडाला लागते. सळईखाली आणि ब्लॉकच्या बाजूंपासून निदान १२ ते १५ मिमी मोकळी जागा हवी. १५ मिमीचे कव्हर ब्लॉक (सळई उचलून धरणारे छोटे ठोकळे) दर ६०० मिमीवर बांधून ठेवले की काम होतं. खडीचे दाणे किंवा ब्लॉकचे तुकडे सळईखाली सारतात, ते ठोकताना सटकतात.

याच्या उलट चूकही तितकीच घडते: ग्राउट ओतल्यानंतर सळई वरून दाबून बसवणं. ती अर्ध्यावरच अडकते. हिशोब करून बघा. तळ ३५, फट १५ आणि १२ मिमी सळईचा अर्धा भाग ६, म्हणजे सळईचा मध्य तळापासून ५६ मिमीवर आणि वरच्या कडेपासून १३४ मिमीवर आला. लिंटेलची वाक सहन करण्याची ताकद या १३४ वर अवलंबून असते. सळई ५० मिमी वर राहिली तर हे अंतर ८४ उरतं आणि ताकद तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटते. सळई तेवढीच, सिमेंट तेवढंच, आणि लिंटेल मात्र कच्चा.

वर फक्त भिंतीचं वजन असेल तर १.२ मीटरपर्यंतच्या गाळ्याला तळाशी १० मिमीच्या २ सळया पुरतात आणि १.८ मीटरपर्यंत १२ मिमीच्या २. त्यापुढचा गाळा असेल किंवा वर स्लॅब अथवा बीम टेकत असेल तर एका थराचा लिंटेल घेऊच नये. तिथे सळई जाड करून उपयोग नसतो, उंची कमी पडते. वरच्या बाजूचं काँक्रीट दाबाला आणि टोकं कातरीला उणी पडतात. दोन थरांचा, ३९० मिमी उंचीचा लिंटेल करा: खाली यू-ब्लॉक, वर आडव्या पाळ्या कापलेले ब्लॉक, म्हणजे दोन्ही थरांत ग्राउट सलग उतरेल. वर १० मिमीच्या २ सळया आणि ८ मिमीच्या रिंगा (सळयांना वेढणाऱ्या कड्या) १५० मिमी अंतरावर. तळच्या सळयांचा हिशोब मात्र भाराप्रमाणे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यायचा. ही जागा अंदाजाची नाही.

सळई दोन्ही बेअरिंगवर पूर्ण जायला हवी, टोकाला ४० मिमी सोडून. टोकं काटकोनात वर वळवा. गाळ्याच्या मधे जोड नको. एवढ्या लांबीला अखंड सळई मिळते, तुकडे जोडून वाचवण्यासारखं काही नाही.

खिडकीवर छज्जा काढायचा असेल तर तो यू-ब्लॉकच्या लिंटेलमधून बाहेर काढू नका. छज्ज्यामुळे लिंटेलला पीळ बसतो, आणि छज्ज्याची मुख्य सळई वरच्या बाजूला लागते. यू-ब्लॉकच्या आतल्या १३० मिमी रुंद पन्हाळीत पीळ सोसणारी बांधणी नीट बसत नाही. अशा जागी लिंटेल आणि छज्जा एकत्रच ओतावेत. छज्जा पुढून झुकलाय आणि लिंटेलच्या आतल्या बाजूला लांब भेग आहे, अशी तक्रार आली तर कारण हेच.

ग्राउट: आतल्या पोकळ्या कशा होतात

ठोकल्यावर बद्द आवाज आला त्या जागा बहुतेक वेळा सळईच्या खाली आणि दोन यू-ब्लॉकच्या सांध्यांशी सापडतात. कारणं तीन आहेत.

पहिलं, मिश्रण घट्ट. काँक्रीटचा ब्लॉक कोरडा असतो आणि ओतताक्षणी पाणी ओढून घेतो. स्लॅबसाठी योग्य वाटणारं काँक्रीट इथे पन्हाळीत अर्ध्यावरच आळतं. लिंटेलचं ग्राउट सहज वाहणारं हवं, शंकूच्या चाचणीत (शंकूचा साचा भरून उचलला की ढीग किती खाली बसतो ते बघतात) २०० मिमीपेक्षा जास्त बसणारं. ब्लॉक जास्तीचं पाणी शोषतो, म्हणून इथे हे पातळ मिश्रण चालतं. हेच मिश्रण लाकडी सेंट्रिंगमध्ये ओतलेल्या बीमला वापरू नका.

दुसरं, खडी मोठी. २० मिमी खडी सळई आणि ब्लॉकच्या मधल्या १५ मिमीच्या फटीत जाणारच नाही. १० मिमीच्या आतली बारीक खडीच घ्या.

तिसरं, तळातून गळती. यू-ब्लॉक एकमेकांना कोरडेच चिकटवून ठेवले तर त्यांच्या फटींतून सिमेंटचं दूध खाली गळतं आणि नेमकी सळईभोवतीची वाळू-खडी उघडी पडते. ब्लॉकचे उभे सांधे मसाल्याने भरून घ्या आणि आत आलेला मसाल्याचा फुगवटा ओला असतानाच थापीने खरवडून काढा. वाळल्यावर तो पन्हाळी अरुंद करतो.

प्रमाण मापाने १ सिमेंट, २.५ वाळू, १.५ बारीक खडी. १.२ मीटरच्या खिडकीसाठी बेअरिंगसकट लिंटेल १.६ मीटर लांब होतो. आतली पन्हाळी १३० मिमी रुंद आणि १५५ मिमी खोल धरली तर ०.०३२ घनमीटर ग्राउट लागतं. त्यासाठी सिमेंट १० लिटर, म्हणजे साधारण १४ किलो, वाळू २५ लिटर आणि खडी १५ लिटर. थोडं जास्तच कालवा. ग्राउट कमी पडून काम मधेच थांबलं तर तो सांधा कायमचा कच्चा राहतो.

ओतण्याआधी पन्हाळीतला कचरा आणि मसाल्याचे गोळे काढा. काँक्रीटच्या ब्लॉकवर पाण्याचा हलका शिडकावा पुरे. तळाशी पाणी साचू देऊ नका. एएसीच्या पन्हाळीला मात्र आतून चांगलं ओलं करा, नाहीतर तो ग्राउटमधलं पाणी इतक्या वेगाने ओढतो की कडेचा थर भुसभुशीत राहतो. एका टोकाकडून ओतत दुसऱ्या टोकाकडे जा आणि सोबत १२ मिमीच्या सळईने दोन्ही बाजूंना, तळापर्यंत टोचत चला. मग पाच-दहा मिनिटं थांबा. ब्लॉकने पाणी ओढल्याने ग्राउट थोडं खाली बसलेलं दिसेल. आता पुन्हा एकदा टोचा आणि वर भर घाला. हे दुसऱ्यांदा टोचणं जवळजवळ सगळेच टाळतात, आणि पाणी निघून गेल्यावर सळईखाली उरणारी बारीक फट त्यामुळेच राहते. नंतर गोणपाट टाकून १० दिवस ओलं ठेवा.

टेकू

खाली अखंड जाड फळी, तिच्याखाली दर ६०० मिमीवर टेकू, आणि टेकूंच्या बुडाशी घट्ट जमिनीवर फळीचा तुकडा. भरावाच्या मातीवर उभा केलेला टेकू पहिल्याच दिवशी दोन मिमी खचतो आणि लिंटेल त्या वाकातच आळतो. १.२ मीटरच्या गाळ्याला मधे २ ते ३ मिमी उचल देऊन ठेवा.

टेकू १४ दिवस ठेवा. मिश्र सिमेंट वापरलं असेल किंवा थंडी असेल तर आणखी काही दिवस. टेकू जागेवर ठेवून वरचे थर दोन-तीन दिवसांनी बांधायला हरकत नाही, पण स्लॅबचं सेंट्रिंग लिंटेलवर टेकवू नका. आणि चौकटीला टेकू समजू नका. चौकट आधीच उभी करून तिच्यावर लिंटेलचे ब्लॉक ठेवले की लिंटेल थोडा बसतो, चौकटीचा वरचा भाग दबतो आणि दार घासायला लागतं. मग सुतार दार रंधून देतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा रंधतो. चौकट आणि लिंटेल यांच्यामध्ये १० मिमी फट सोडून ती फोमने भरली की हा त्रास उरत नाही.

आधीच बिघडलेला लिंटेल

सगळेच लिंटेल काढावे लागत नाहीत. बेअरिंग पुरेसं आहे, झुकाव मर्यादेत आहे, भेग थांबलेली आहे: मग बेअरिंगखालची पोकळ घरं भरा आणि भेग शिवा. घर भरायला वरून ४० मिमीचं भोक आणि खाली हवा निघायला लहान भोक पाडून पातळ ग्राउट ओता. खालच्या भोकातून ग्राउट यायला लागलं की ते बंद करा. भेग शिवण्यासाठी दर दुसऱ्या थराच्या आडव्या सांध्यात ३० मिमी खोल खाच घ्या, धूळ फुंकून काढा, ओलं करा, न आकसणारं ग्राउट भरून त्यात ६ मिमीची पिळाची स्टेनलेस सळई बसवा आणि वरून पुन्हा ग्राउट दाबा. सळई भेगेच्या दोन्ही बाजूंना ५०० मिमी जायला हवी. खिडकीच्या कडेमुळे एका बाजूला तेवढी जागा मिळत नसेल तर टोक काटकोनात आत वळवून अडकवा.

बेअरिंग १०० मिमीच आहे, कातर भेग आहे किंवा सळई गंजून तळ सुटलाय, तर लिंटेल बदलणं हाच मार्ग. तळाला लोखंडी पट्टी किंवा अँगल बोल्टने ठोकण्याचा उपाय बराच चालतो, पण टोकाचा दाब त्याने कमी होत नाही.

बदलताना क्रम चुकवू नका:

१. वर स्लॅब टेकत असेल तर भिंतीच्या दोन्ही बाजूंना स्लॅबखाली टेकूंची रांग लावा. खालच्या मजल्याचा स्लॅब हे टेकू पेलणार असेल तर त्याच्याही खाली टेकू हवेत.

२. लिंटेलच्या वर दोन थर सोडून भिंतीत आरपार भोकं पाडा, ९०० मिमीपेक्षा लांब अंतरावर नाही. त्यांतून लोखंडी आडव्या (आडवे बीम) घालून दोन्ही टोकांना जॅक लावा. आडवी आणि वरचा ब्लॉक यांत मसाला किंवा पाचर घट्ट बसवा. जॅक फक्त भार घेण्यापुरते आवळा. भिंत उचलायला गेलात तर नव्या भेगा पडतील.

३. जुना लिंटेल कटरने तीन-चार तुकड्यांत कापून उतरवा. घणाचे दणके देऊ नका, वरचे दोन थर त्यातच सुटतात.

४. दोन्ही बाजूंना बेअरिंगची जागा वाढवा, खालचे तीन थर भरून घ्या आणि ते घट्ट होऊ द्या.

५. नवा लिंटेल शक्यतो आधी जमिनीवर ओतून २८ दिवस मुरलेला बसवा. जागेवर ओतायचा असेल तर वरून टोचायला जागा मिळत नाही, आणि पोकळ्यांची तीच तक्रार पुन्हा येते. १.६ मीटरचा लिंटेल दीडशे किलोच्या आसपास जातो, म्हणून उचलायची सोय आधी करा.

६. लिंटेल आणि वरच्या भिंतीतली फट १ सिमेंट, २.५ वाळूच्या जेमतेम ओल्या मसाल्याने भरा. मुठीत दाबला की गोळा व्हावा, पण हाताला पाणी लागू नये. लाकडी ठोकळ्याने आतून बाहेर ठासत आणा. ओला मसाला इथे आकसतो आणि वर आडवी भेग सोडतो.

७. सात दिवसांनी जॅक थोडे थोडे, आळीपाळीने सैल करा. आडव्या काढल्यावर भोकं त्याच मसाल्याने ठासून भरा.

प्लास्टरची घाई करू नका. भार नव्या लिंटेलवर आल्यावर तो थोडा बसतो, म्हणून दोन-तीन आठवडे जाऊ द्या. मग सांध्यावर दोन्ही बाजूंना १५० मिमी जाईल अशी जाळी लावा. ती भिंतीला चिकटवून न ठोकता प्लास्टरच्या जाडीच्या मधे राहील अशी ठेवा. बाहेरच्या बाजूला लिंटेलच्या तळाला, कडेपासून २५ मिमी आत, १० मिमीची खाच ठेवा म्हणजे पाणी आत न वळता तिथूनच गळेल. ब्लॉकमधून मुरणारी ओल हेच सळई गंजण्याचं पहिलं कारण असतं.

आणि काम झाल्यावर येणाऱ्या इलेक्ट्रिशियनला, एसीवाल्याला आणि पडदे लावणाऱ्याला लिंटेलची उंची भिंतीवर खडूने आखून दाखवा. एसीच्या पाइपासाठी ६५ मिमीचं भोक लिंटेलच्या तळाजवळून आरपार गेलं तर तळच्या दोन्ही सळया कापल्या जातात. वायरिंगची खाच बेअरिंगच्या वरून आडवी गेली तर टोकाची पाळी कटते. पाइप लिंटेलच्या वर, निदान एक थर सोडून न्यावा, आणि पडद्याचे स्क्रू तळापासून ७५ मिमीच्या वर, बाजूच्या पाळीत, ४० मिमीपेक्षा खोल न जाऊ देता बसवावेत.